ताग्लियामेंतोचे पात्र

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, मौरिया खिंडीपाशी सुमारे १,१९५ मीटर उंचीवर उगम पावणारी ताग्लियामेंतो ही नदी कीर्तीच्या दृष्टीने ऱ्हाइन किंवा रोन यांच्या पासंगालाही पुरणार नाही. तिची लांबीही जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. परंतु आल्प्समधून उतरणाऱ्या बहुतेक नद्या गेल्या दोन शतकांत बांधबंदिस्तीत सापडून कालव्यांसारख्या सरळ झाल्या असता, या नदीने मधल्या टप्प्यात आपली मूळ चाल पुष्कळशी राखली आहे, आणि म्हणूनच युरोपातील नदीशास्त्रज्ञ तिच्या काठी अभ्यासासाठी येतात.

प्रारंभी कार्नियाच्या मुलुखातून पूर्वेकडे वाहणारी ही नदी फेल्ला या उपनदीचे पाणी घेऊन दक्षिणेकडे वळते. मग पिन्झानोच्या अरुंद खिंडीतून सुटताच सपाटीवर ती अशी काही पसरते की पात्र ठिकठिकाणी दोन किलोमीटरांहून रुंद होते आणि वेणीच्या पेडांप्रमाणे असंख्य प्रवाह गोट्यांच्या पांढऱ्या पटावर एकमेकांत मिसळत व विलग होत राहतात. पुरात उन्मळून आलेली झाडे तेथेच रुजून बेटे बनतात व पुढच्या एखाद्या पुरात वाहूनही जातात. उन्हाळ्यात पाणी गोट्यांखाली लुप्त होऊन खालच्या प्रदेशात झऱ्यांच्या रूपाने पुन्हा प्रकटते. (तिला सर्वस्वी मुक्त म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल, कार्नियातील बरेच पाणी वीजनिर्मितीसाठी केव्हाच वळवलेले आहे.)

पुराची खरी अडचण मात्र मुखाकडे आहे. वरच्या पर्वतांवर आड्रियाटिकचे बाष्पयुक्त वारे आदळून काही भागांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आणि ते सारे पाणी लातिझाना नगरापाशी दोन बांधांमधील दीड-दोनशे मीटरांच्या पात्रातून समुद्राकडे जावे, अशी माणसाची अपेक्षा. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे ते बांध फुटून नगर बुडाले. तेथील रहिवाशांची भीती पोकळ आहे असे म्हणण्याचा अधिकार दूरस्थ निसर्गप्रेमी मंडळींना नाही.

तथापि त्या भीतीवर उपाय म्हणून पूर रोखणारा आडवा बांध दिन्यानोनजीक, नेमक्या मधल्या टप्प्यात घालण्याची जी तजवीज अलीकडे पुढे आली आहे, ती मला पटत नाही. रुंद पात्र ही पडीक जमीन नव्हे. पूर पसरून मंदावण्याची जागा आहे. शिवाय ही नदी पाण्याबरोबर अफाट गोटे वाहून आणते, आणि बांधाच्या पाठीमागे साचणाऱ्या त्या भाराचा हिशेब कंत्राटापुरता करून भागत नाही. शेजारच्याच पियावे नदीच्या खोऱ्यात १९६३ साली वायोंतच्या जलाशयात डोंगर कोसळून सुमारे दोन हजार माणसे मेली. तो प्रकार निराळा होता हे खरे, पण तज्ज्ञांच्या छातीठोक ग्वाहीची किंमत या मुलुखाला तेव्हाच कळलेली आहे.

जेथे माणसाने नदी आवळली, तेथेच ती प्रथम सैल करावी: खालचे बांध शक्य तेथे मागे सरकवावेत, आणि पुराचे जादा पाणी पश्चिमेकडून समुद्रात सोडणाऱ्या कावरातो कालव्याची वाहकता वाढवावी. यात शेते जातील, मोबदल्याचे दावे रेंगाळतील, आणि कालव्याकडील गावे, तीही न्याय्यपणे, तक्रार करतील. तो सारा त्रास सोसूनही दिन्यानोच्या कामास मंजुरी देण्याआधी हा मार्ग अजमावणे अधिक शहाणपणाचे, असे माझे मत आहे.