मावशी, एवढं आजच करून द्या ना!

बायकांच्या कामाच्या तासांबद्दल आपल्या चळवळीत पुष्कळ बोललं-लिहिलं गेलं आहे. घरकामगार बायका, अंगणवाडी सेविका, ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, यांच्या दिवसाचा हिशेब आपण मांडला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईचा दिवस मात्र कुणी मोजल्याचं मला आठवत नाही. ती कॉलेजात आहे, म्हणजे पंख्याखाली आहे, म्हणजे तिचं बरं चाललं आहे, असा आपला समज असावा.

मी पुणतांब्याला राहते. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, गोदावरीकाठचं हे गाव. गेली अठरा वर्षं तासाभराच्या अंतरावरच्या एका विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. कॉलेजचं नाव घेत नाही. नाव घेतलं की गोष्ट त्या एका कॉलेजची होऊन बसते, आणि वाचणाऱ्या बाकीच्यांना हायसं वाटतं.

वर्षातून दोनदा आमच्याकडे सबमिशनचा हंगाम येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदा आणि मार्च-एप्रिलात एकदा. सत्राचे तीन महिने प्रयोगशाळेत यायला ज्यांना वेळ मिळत नाही, ते शेवटच्या आठवड्यात दारात रांग लावतात. जर्नल कोरं, प्रोजेक्टची फाइल कोरी. जर्नल प्रमाणित झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही हे त्यांना पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं. तरी दरवर्षी तीच विनवणी ऐकू येते: मावशी, एवढं आजच करून द्या ना!

आता रसायनशास्त्राची अडचण अशी, की ते विनवणीला भुलत नाही. आमच्या भागात पाटपाण्यानं आणि उसानं जमिनी खारवल्या, म्हणून मुलं माती-पाण्याचे प्रोजेक्ट घेतात. चांगलंच आहे ते. पण मातीचा नमुना सावलीत वाळवावा लागतो, कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढावा लागतो. नदीच्या पाण्याची बीओडी काढायची तर बाटली वीस अंश तापमानाला पाच दिवस अंधारात ठेवावी लागते. पाच म्हणजे पाच. विहिरीच्या पाण्याचा जडपणा त्या मानानं लवकर निघतो, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत लालसर रंगाचा निळा होईपर्यंत. पण पाच विहिरींचे तीन-तीन वेळा घेतलेले आकडे एका दुपारी येत नाहीत. मग काय होतं? उत्तर आधी ठरतं आणि आकडे उलटे मोजत लिहिले जातात. ज्या नदीचं पाणी बाटलीत कधी आलंच नाही, तिची बीओडी दशांश चिन्हासकट फाइलीत येते. रंगीत छपाई, स्पायरल बाइंडिंग, आणि शेवटच्या पानावर प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांचे आभार. ते आभार मी वाचते. काचेची भांडी कोरी ठणठणीत असताना मानलेले आभार!

ज्यांना थोडी तरी लाज असते ते मात्र खरंच प्रयोग करायला येतात, आणि माझा प्रश्न तिथेच सुरू होतो. ते येतात तीन वाजता. द्रावणं तयार हवीत, डिस्टिल्ड वॉटर हवं, गॅस चालू हवा. पाच वाजता कॉलेज सुटतं, तेव्हा त्यांचं निम्मं झालेलं असतं. राहिलेलं निम्मं माझ्या संध्याकाळीतून वजा होतं. ते गेल्यावर भांडी धुवायची, सांडलेलं पुसायचं, फुटलेल्या पिपेटची नोंद रजिस्टरात करायची, कॉक बंद आहे ना पाहायचं, मग कुलूप.

माझ्या शेजारच्या विभागात माझ्याच पदावर एक गृहस्थ आहेत. पगार तोच, नेमणूक माझ्यानंतरची. मुलं त्यांना ‘सर’ म्हणतात. सर साडेपाचला कुलूप लावून निघतात. त्यांना कुणी थांबवत नाही. सरांची वेळ झाली, एवढंच म्हणतात. मी निघाले तर मात्र तोंडं पडतात. मावशी अशा काय करता? नात्यानं हाक मारली की कामाचा मोबदला विचारायचा नसतो, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. शाळेतली मावशी, दवाखान्यातली मावशी, वसतिगृहातली मावशी. आईच्या बहिणीनं थांबायचंच असतं. मला ‘मॅडम’ म्हणवून घेण्याची हौस नाही, पण या ‘मावशी’त प्रेम किती आणि फुकटची वेठ किती, हे एकदा तपासायला हवं.

आता चालढकल म्हणजे तरी काय? मला अठरा वर्षांत एक गोष्ट दिसली आहे: काम पुढे ढकलणं त्यालाच परवडतं, ज्याच्या मागे ते निस्तरणारं माणूस उभं असतं. घरी आई, बहीण, कॉलेजात मावशी, पुढे बायको. जूनच्या पहिल्या तारखेला, २०१७ साली, आमच्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. गावाचं नाव देशभर गेलं. संप रास्त होता, मी त्याच्या बाजूची होते आणि आहे. शेतमाल आणि दूध शहरात जायचं बंद झालं, ठिकठिकाणी दूध रस्त्यावर ओतलं गेलं. पण ओतायला तरी दूध काढावं लागतंच. गाईला संप कळत नाही. सकाळ-संध्याकाळ धारा काढणं, शेण काढणं, वैरण घालणं, आणि संपावरच्या माणसांना चहा-भाकरी देणं, यात एक दिवसही खंड पडला नाही. ती कामं कुणाची होती हे मी सांगायला नको. थांबण्याचा हक्कसुद्धा कुणीतरी न थांबल्यावर मिळतो.

राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचे आकडे पाहा. २०२४ च्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाची २८९ मिनिटं घालवतात, तर जे पुरुष ते करतात ते ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांनी लगेच नऊ कमी करून घेतली! या मिनिटांत प्रयोगशाळेतल्या माझ्या वाढीव दोन तासांची मोजदाद कुठेच नाही. ते ना घरकाम, ना नोकरी.

मुली उशीर करत नाहीत का? करतात. काही चक्क आळशीही असतात, आणि आळस करण्याइतकी मोकळीक मुलींना मिळावी असं मला मनापासून वाटतं. पण बहुतेकींचा उशीर निराळा असतो. सत्र संपतं तेव्हाच सोयाबीन काढायला येतं, कपाशी वेचायला येते. दुसरं सत्र संपतं तेव्हा उन्हाळी कांदा. तुळशीचं लग्न झालं की घरात पाहुणे सुरू. मुलगा परीक्षेचं कारण सांगून शेतावरून सुटतो, मुलगी तेच कारण सांगते तेव्हा ‘मग शिकू नको’ असं उत्तर येतं. सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घटकांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. फी गेली, तिकीट अर्धं झालं. वेळ मात्र कुणी दिला नाही. अंधार पडल्यावर गावाकडे बसच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं?

मागे एक मुलगी होती, नदीपलीकडच्या गावची. विहिरींच्या पाण्याचा जडपणा हा तिचा विषय. ऑगस्टमध्ये तिनं पाच बाटल्या आणून ठेवल्या, प्रत्येकीवर विहिरीचं नाव आणि तारीख. मग महिनाभर पत्ता नाही. सोयाबीन आणि आईचं आजारपण. ती उगवली शेवटच्या आठवड्यात, आणि तिच्या वर्गातल्या मुलांनी तिला आपल्यातलीच समजून रांगेत जागा दिली. तिनं मला संध्याकाळ मागितली नाही. पाचनंतर थांबायची घरून परवानगी नव्हती. सकाळी साडेसातला उघडाल का, एवढंच विचारलं. पुन्हा नवे नमुने आणले होते, कारण जुने आता चालणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. मी तीन सकाळी लवकर गेले. कौतुकासाठी सांगत नाही. त्या तीन सकाळी आमच्या घरचे डबे माझ्या सासूबाईंनी केले, सत्तरीच्या बाईनं. मुलीच्या आईचं आजारपण मुलीवर आलं, मुलीचा उशीर माझ्यावर आणि माझा सासूबाईंवर. साखळीत एकही पुरुष नाही, बघा. तिचे आकडे खरे होते, एका विहिरीचे जरा विचित्रही होते. खऱ्या आकड्यांचं असंच असतं. तिला स्पायरल बाइंडिंगवाल्यांपेक्षा गुण कमी पडले. नापास झाली असती तर घरचे तिचं शिक्षण थांबवणार होते, म्हणून पास झाले याचाच तिला आनंद. मला मात्र त्या गुणांचा राग अजून आहे.

पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे. कथा सगळ्यांना माहीत असते. मरणाची वेळ आली की समाधी लावून ती पुढे ढकलायची, असं करत करत ते चौदाशे वर्षं जगले म्हणतात. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले, तर मायना काय घालावा हेच ठरेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागदच पाठवला. तो पाहून, एवढं जगूनही हा कोराच राहिला, असं तोंडावर म्हणणारी होती मुक्ताबाई, एक लहान मुलगी. पुढे चांगदेवांनी तिलाच गुरू केलं. कोऱ्या जर्नलांचा गठ्ठा टेबलावर आला की मला ही गोष्ट हटकून आठवते. एका बाबतीत चांगदेव आमच्या मुलांहून बरे: त्यांनी कोरा कागद कोराच पाठवला, मुक्ताबाईला तो रात्रीतून भरून द्यायला सांगितलं नाही.

आमच्या विभागात मी निदान कायम आहे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली बाई कंत्राटी आहे. सुट्टीत तिचा पगार थांबतो, आणि पुढच्या वर्षीची नेमणूक कुणाच्या तरी मर्जीवर असते, म्हणून ती ‘नाही’ म्हणूच शकत नाही. नवीन धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग अशी नावं वेळापत्रकात आली. प्रोजेक्ट वाढले, हात वाढले नाहीत; निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्याच आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी, आश्वासित प्रगती योजना, रिक्त जागा, या मागण्या योग्यच होत्या. पण बाईच्या संध्याकाळीबद्दल आमच्या सभेत तरी एक शब्द मी ऐकला नाही. व्यासपीठावर सगळे ‘सर’ होते.

आणखी एक गोष्ट, जी बायका एकमेकींत कुजबुजतात पण अर्जात लिहीत नाहीत. संध्याकाळी सात वाजता रिकाम्या इमारतीत पाच-सहा मुलं आणि एक बाई. मुलं बहुतेक वेळा चांगलीच असतात. पण ‘बहुतेक वेळा’ या शब्दावर कुणी रोज नोकरी का करावी? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कंत्राटी आणि तात्पुरती बाईही येते, हे त्या जीवशास्त्राच्या बाईला माझ्याकडून कळलं. कॉलेजच्या तक्रार समितीची पाटी दारावर आहे. तिच्यापर्यंत ती कुणी वाचून पोचवली नव्हती.

काय व्हायला हवं हे फार अवघड नाही. प्रयोग ज्या दिवशी झाला त्या दिवशीच कच्चे आकडे वहीत लिहावेत आणि त्यावर प्रयोगशाळा सहाय्यकाची तारखेसह सही असावी. सही नसेल तर ते आकडे फाइलीत घेऊ नयेत. म्हणजे उलटं मोजणं थांबेल, आणि मावशीच्या सहीला किंमत येईल. सत्राच्या मध्यावर निम्मं काम दाखवायची सक्ती असावी. जादा थांबायला लागलं तर लेखी आदेश, आणि त्याबदली सुट्टी किंवा पैसे. लांबून येणाऱ्या मुलींसाठी आठवड्यातून दोन सकाळी प्रयोगशाळा नियमानं उघडी असावी, कुणाच्या मेहेरबानीवर नव्हे. आणि मैत्रिणींनो, तुम्ही कॉलेजांत मुलींच्या शिबिरांना जाता, हिंसेवर, आरोग्यावर बोलता, तेव्हा प्रयोगशाळेतल्या, ग्रंथालयातल्या, वसतिगृहातल्या बायकांना पुढे बोलावून बसवा. आम्ही चहाच्या ट्रेमागे उभ्या असतो.

या सत्रात आमच्या विभागानं तारखेच्या सहीचा नियम मान्य केला आहे. सप्टेंबरात नऊ मुलांच्या वह्यांवर सह्या झाल्या, त्यांत सात मुली. जादा तासांचा अर्ज कार्यालयात दिला आहे. त्यावर माझी सही आहे, कंत्राटी बाईनं धीर करून केलेली सही आहे, आणि शेजारच्या सरांचीही आहे. सही करताना ते म्हणाले, “पण पाचनंतर तुम्ही थांबताच कशाला?” खरोखरच विचारत होते. मी त्यांना म्हटलं, उद्या सांगते, माझी बस आहे.