मशीन मोजता, मग ताप कोण मोजणार?

रमजान आला की मोहल्ल्यात पावतीपुस्तकं निघतात. डायलिसिस सेंटरच्या पत्रकावर बहुतेक वेळा एकच फोटो असतो: नवं कोरं मशीन, शेजारी विश्वस्त आणि कापलेली फीत. मशीन किती, महिन्याला डायलिसिस किती, गरिबांना सवलत किती, सगळं छापलेलं असतं. मला हवा असलेला आकडा मात्र आजवर कुठल्याच पत्रकावर दिसलेला नाही. गेल्या वर्षभरात तुमच्याकडे मानेतल्या नळीवाटे किती पेशंटांच्या रक्तात जंतू गेले?

विचारलं की दोन उत्तरं ठरलेली. 'या पेशंटांची ताकदच कमी असते हो.' आणि 'अल्लाहची मर्जी.' पहिलं अर्धं खरं आहे. दुसऱ्यावर माझंही ईमान आहे, पण हात न धुता नळीला हात लावायचा आणि ताप आला की मर्जीकडे बोट दाखवायचं, याला मी कामचुकारपणा म्हणतो.

ही नळी, म्हणजे कॅथेटर, मानेतल्या मोठ्या शिरेतून थेट हृदयाजवळ पोचते. तिची दोन तोंडं बाहेर असतात. दर डायलिसिसला ती उघडतात, मशीनला जोडतात, चार तासांनी पुन्हा बंद करतात. त्या काही मिनिटांत ज्याचा हात, ज्याचा श्वास तिथे पोचतो, त्याचे जंतू रक्तात जाऊ शकतात. मग डायलिसिस सुरू झाल्यावर पेशंटला हुडहुडी भरते, ब्लँकेटं घालूनही दात वाजत राहतात. नळीच्या आतल्या बाजूला जंतू चिकट थर धरून बसतात, तिथे अँटिबायोटिक नीट पोचत नाही, म्हणून अनेकदा नळीच काढावी लागते. जंतू हृदयाच्या झडपेवर किंवा मणक्यात जाऊन बसले तर जिवावर बेततं.

हे टाळायला लागतं काय? साबण किंवा हॅण्डरब, ग्लोव्हज, नळी उघडताना सिस्टर आणि पेशंट दोघांच्या तोंडाला मास्क, नळीचं तोंड जंतुनाशकाने नीट घासून वाळू देणं, त्वचेला क्लोरहेक्सिडीन, कोरडं ड्रेसिंग. आणि त्या नळीतून सलाइन किंवा इंजेक्शन देणं बंद. यातलं काहीही मशीनइतकं महाग नाही. महाग आहे तो वेळ. एका सिस्टरच्या गळ्यात मावणार नाहीत इतके पेशंट घातले की पहिली काटछाट हात धुण्यात होते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अतिदक्षता विभागांनी साध्या पाच गोष्टींची यादी करून ती कडक पाळली. कोणी पायरी गाळली तर नर्सने डॉक्टरलाही थांबवायचं, असा अधिकार दिला. दीड वर्षात नळीचे संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत खाली आले. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. ते विभाग डायलिसिसचे नव्हते, मान्य. पण जंतू वॉर्डाची पाटी वाचून आत शिरत नाहीत. आपल्या ट्रस्टच्या सेंटरमध्ये सिस्टरने डॉक्टरला 'थांबा' म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तिची नोकरी राहील का?

वुजूत कोपराची एक जागा कोरडी राहिली तर आपण लहान मुलालाही परत नळावर पाठवतो. तीच माणसं नातेवाइकाच्या खाटेभोवती गर्दी करून, हात न धुता ड्रेसिंग चाचपतात, 'दुखतं का' विचारतात. उलट पेशंट गुस्लच्या काळजीने नळीवरून पाणी घेतो. पाण्याने अपाय होत असेल तिथे धुण्याची सक्ती नाही, हे हनफी आणि शाफई दोघांकडेही आहे. पट्टीवरच्या मसहचा आणि तयम्मुमचा तपशील वेगळा आहे, तो आपापल्या आलिमांना विचारा. एखाद्या जुम्म्याच्या बयानात हा मसला आला तर निदान ते ड्रेसिंग तरी कोरडं राहील.

पण खरा उपाय नळी काढणं हाच आहे. हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला १९६६ पासून जगाला माहीत आहे. त्यात संसर्गाचा धोका नळीपेक्षा पुष्कळ कमी. बहुतेकांसाठी नळी ही फिस्टुला तयार होईपर्यंतची सोय आहे. आपल्याकडे मात्र ती महिनोन्‌महिने राहते, कारण फिस्टुलाचं ऑपरेशन 'पुढच्या महिन्यात' असतं. सरकारी योजनेतून किंवा ट्रस्टकडून डायलिसिसचा खर्च भागतो. फिस्टुलासाठी मात्र तारीख मिळत नाही, येण्याजाण्याचे पैसे नसतात, कधी कोणी सांगितलेलंच नसतं. काही पेशंटांच्या शिरा फिस्टुलाला चालत नाहीत, ते वेगळे. बाकीच्यांसाठी एक मशीन कमी घ्या आणि तो पैसा इथे लावा. मशीनला जकात चालते की नाही हा वाद उलेमांचा आहे. गरीब पेशंटाच्या हातात त्याच्या ऑपरेशनचे पैसे ठेवायला तो वादही आड येत नाही.

विश्वस्त म्हणतील, संसर्गाचा आकडा भिंतीवर लावला तर लोक घाबरतील. घाबरू द्या. शाळेत नापासांचा आकडा लपवून निकाल सुधारलेला मी पाहिलेला नाही. दर महिन्याला लिहा: नळीवर किती पेशंट, त्यातल्या किती जणांना रक्तात संसर्ग, किती जणांचा फिस्टुला झाला. पावती फाडणाऱ्याने आधी हे तीन आकडे मागावेत.

आणि ज्यांच्या घरात किडनीचा आजार कळला आहे पण डायलिसिस अजून लागलेलं नाही, त्यांनी फिस्टुला कधी करायचा ते आत्ताच डॉक्टरांना विचारावं. तो वापरण्याजोगा व्हायला दीड ते तीन महिने लागतात. ज्या हाताने कामं करत नाही, त्या हातात तोवर सुई, सलाइन घेऊ नका. रक्त काढायला कोणी आलं तर दुसरा हात पुढे करा, तोही शक्यतो पंजाच्या मागची बाजू.