उसन्या अंगणातील तसबिरी

पळस्प्याचा फाटा ठाऊक नाही असा कोकणचा प्रवासी विरळाच. पनवेल मागे टाकून निघालेला रस्ता येथे दुभंगतो. एक वाट बोरघाटाकडे तोंड करून पुण्यास जाते, दुसरी कर्नाळ्याच्या खिंडीतून गोव्याकडे वळते, आणि न्हावाशेव्याच्या बंदरातून निघालेली अवजड वाहने याच ठिकाणी त्यांस येऊन मिळतात. गणपतीच्या आदल्या रात्री येथे जी रांग लागते तिच्यात निम्मी मुंबई पेंगत बसलेली असते. परंतु अलीकडे रविवारी सकाळी या बाजूस आणखी एका जातीची वाहने वळताना दिसतात. ती ना पुण्यास जातात, ना गोव्यास. मागल्या खणात कपड्यांच्या दोन बॅगा, एक वेताची टोपली, फुग्यांचा घोस आणि पुठ्ठ्याची चंद्रकोर; पुढल्या आसनावर नटलेली आई; तिच्या मांडीवर झोपमोड झाल्यामुळे त्रासलेले मूल. ही मंडळी आसपासच्या एखाद्या फार्महाऊसात, तासांच्या हिशेबाने भाडे मोजून, स्वतःच्या कुटुंबाच्या तसबिरी काढवून घेण्यास निघालेली असतात.

अशा एका सोहळ्यास गेल्या वर्षी आम्हांसही जावे लागले. आमच्या नात्यातील एका मुलाचा पहिला वाढदिवस होता. मुलाचे घर तेथून फार दूर नाही. घरास ओटा आहे, मागे विहीर आहे, आणि ओट्यावरून कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका स्वच्छ दिसतो. तरीही सकाळी आठ वाजता सर्व मंडळी परक्याच्या हिरवळीवर जमली. तेथे कापडाचा एक तंबू, लाकडी पेट्यांची उतरंड आणि ज्याच्या खाली कोणी कधी गवत वाळत घातले नाही असा गवताचा भारा मांडून ठेवला होता. आईबाप व मूल या तिघांनी फिकट गुलाबी रंगाचे कपडे घालावे असा संकेत ठरला होता. मुलाने केकमध्ये दोन्ही हात खुपसून तो तोंडास फासावयाचा, हा मुख्य प्रवेश. मुलास केकची भीती वाटली, आणि त्याने मोठ्याने भोकाड पसरले.

तेव्हा त्याची आजी पुढे झाली. नेसूचे हिरवे लुगडे, हातात घरून आणलेला खुळखुळा. तिने दोनच शब्द उच्चारले आणि मूल खुदकन हसले. छायाचित्रकार तरुण होता, आणि वागण्यात अदबशीर होता. तो म्हणाला, “आजी, जरा बाजूला व्हा हं, फ्रेममध्ये येताय. माझ्या मागे उभ्या राहा आणि तिथूनच वाजवा.” आजी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तीन तास खुळखुळा वाजवीत राहिली. पुढे महिन्याभराने जाड पुठ्ठ्यांचे पुस्तक घरी आले. त्यात चाळीस तसबिरी आहेत, मूल बहुतेकांत हसते आहे, आणि ज्या माणसाकडे पाहून ते हसते आहे ते माणूस एकाही तसबिरीत नाही. हिरवे लुगडे गुलाबी रंगास मारक होते, एवढाच तिचा अपराध.

आमचा वाद आहे तो येथे. तसबिरीसाठी नटू नये, हसू नये, उजेड नीट पाहू नये, असे आम्ही म्हणत नाही. कुटुंबाची तसबीर काढावयाची आणि कुटुंबातील माणसे, कुटुंबाचे घर, कुटुंबाचे कपडे एवढे सर्व तीतून वगळावयाचे, या उद्योगास आमची हरकत आहे.

यावर एक उत्तर ठेवलेले असते, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. जुन्या तसबिरी तरी कोठल्या खऱ्या होत्या, असे विचारले जाते. दागेरची युक्ती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या गृहस्थांनी त्याच सुमारास मुंबईत हा व्यवसाय थाटला. त्या काळापासून पुढे शंभर वर्षे आपल्या पणजोबांनी ज्या तसबिरी काढविल्या त्यांच्या मागे रंगविलेला पडदाच होता. ज्या गृहस्थाने जन्मात संगमरवरी खांब पाहिला नाही तो संगमरवरी खांबास टेकून उभा. ज्या बाईस अक्षरओळख नाही तिच्या शेजारच्या तिवईवर जाडजूड पुस्तक. कृत्रिमपणाच मोजावयाचा तर पणजोबांचा पडदा आणि नातवाचा तंबू यांत डावे-उजवे काय?

फरक आहे, आणि तो मोठा आहे. पहिली गोष्ट अशी की, पणजोबा दुकानात गेले ते दुकान त्यांच्या घरी येऊ शकत नव्हते म्हणून. ओल्या काचेवर चित्र उतरविण्याच्या काळात काच तयार करणे, चित्र घेणे आणि ते धुणे ही सर्व कामे काच वाळण्यापूर्वी उरकावी लागत. काळोखी खोली हाताशी असावी लागे, वरून काचेच्या छपराचा उजेड लागे, आणि बसणाऱ्याने कित्येक क्षण डोळ्याची पापणी न हलविता बसावे म्हणून त्याच्या मानेमागे लोखंडी आधार उभा करावा लागे. आपल्या जुन्या तसबिरींतील माणसे रागावल्यासारखी दिसतात ती स्वभावाने नव्हे, मानेमागच्या त्या लोखंडामुळे! पुढे १८८८ साली ईस्टमनने हातात मावणारा कोडॅक आणला, १९०० साली एक डॉलर किमतीचा ब्राउनी आणला, आणि तेव्हापासून कॅमेरा घराच्या दिशेने चालत आलेला आहे. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि धंदेवाईक छायाचित्रकाराचे दिवे एका पिशवीत मावतात. पडद्याची गरज संपली, आणि नेमक्या याच वेळी आपण पडद्यामागे धावू लागलो आहो. पणजोबांची ती अडचण होती. आपली ती आवड आहे.

दुसरी गोष्ट, पडदा उसना असला तरी त्यापुढचा माणूस उसना नव्हता. पगडी स्वतःची होती, उपरणे स्वतःचे होते, पैठणी असली तर लग्नातली आणि नसली तर शेजारणीकडून मागून आणलेली. पण ती शेजारीणही त्याच आळीतली. आज त्या तसबिरीकडे पाहून लुगड्याचे काठ, नथीची घडण, कोणत्या मुलास मांडीवर घेतले आणि कोणास उभे केले, म्हातारी कोठे बसली, यांवरून त्या घराचा सारा कारभार वाचता येतो. म्हातारी बहुधा मधोमध बसलेली असते. आजच्या पुस्तकातील गुलाबी कुटुंब उद्या कोणी उघडून पाहिले तर ते पनवेलचे की पोर्तुगालचे, हे सांगण्यास त्यात एक रेघही सापडणार नाही.

विलायतेत एकोणिसाव्या शतकात एक विलक्षण प्रथा होती. तान्हे मूल स्थिर राहत नसे, म्हणून आईस खुर्चीवर बसवून तिच्या अंगावर पडदा किंवा गालिचा पांघरीत आणि त्यावर मूल ठेवीत. तसबिरीत मूल तेवढे दिसे. आईच्या जागी एक आकारहीन गाठोडे. कधी कधी चौकटीतून तिचे दोन हात तेवढे बाहेर डोकावत. आज त्या तसबिरी पाहून लोक हसतात, कित्येकांस त्यांची भीतीही वाटते. परंतु त्या फोटोग्राफरचा एक नाइलाज होता; मूल हलले तर काच फुकट जाई. ज्याच्या यंत्रास क्षणाचा हजारावा अंशही पुरतो त्याने आजीस चौकटीबाहेर उभी करावी यास कोणता नाइलाज म्हणावा?

तान्ह्या मुलांच्या तसबिरींचा प्रकार तर याहून निराळाच आहे. मूल फुलाच्या कुंडीत, कोबीच्या पानांत किंवा मधमाशीच्या वेषात दाखविण्याची हौस ॲन गेडीस या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या बाईंच्या चित्रांनी, विशेषतः १९९६ सालच्या त्यांच्या पुस्तकाने, जगभर पसरविली. बाईंची कल्पकता त्यांची स्वतःची होती. नकलाकारांजवळ केवळ टोपली उरली. जन्मापासून पहिल्या दोन आठवड्यांत मूल गाढ झोपते व हवे तसे मुडपता येते, म्हणून हे काम त्याच दिवसांत उरकण्याची घाई असते. आमच्याकडे हेच दिवस बाळंतिणीच्या खोलीचे. पाचवीची पूजा, बाराव्या दिवशीचे बारसे, शेकशेगडी, आणि परक्याची दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाचे तीट. तीट लावणाऱ्या आजीस आम्ही अडाणी म्हणावे आणि ओल्या अंगाच्या बाळंतिणीस गाडीत घालून, मुलास उघडे करून, तापविलेल्या खोलीत दोन-तीन तास घड्या घालण्यास परक्याच्या हाती द्यावे, हे शहाणपण आमच्या आकलनापलीकडचे आहे. मूल स्वतःच्या दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकून झोपल्याचे जे चित्र सर्वांस हवे असते, ते जाणते छायाचित्रकार एका वेळी घेतच नाहीत. कोणाचा तरी हात मुलाचे डोके धरून असतो, आणि दोन चित्रे जोडून तो हात मागाहून पुसून टाकतात. येथेही धरणारा हात पुसला जातो. आणि ज्यास ही जोडाजोड माहीत नाही असा नवशिका खरोखरच त्या कोवळ्या मानेवर डोक्याचा भार तोलू पाहतो, तेव्हा प्रश्न अभिरुचीचा राहत नाही.

आम्ही सजावटीचे वैरी नव्हे, हे पुन्हा सांगतो. डोहाळजेवणास फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेल्या गर्भारशीचे चित्र आपल्या कित्येक घरांत आहे. कोणी तिला नावेत बसविते, कोणी चंद्राखाली. पुठ्ठ्याचा चंद्र काही आजच निघाला नाही. परंतु त्या वेण्या घरातल्या व शेजारच्या बायकांनी दुपारभर बसून गुंफलेल्या असतात, झोपाळा घरचा असतो, आणि सोहळा आधी असून तसबीर मागाहून येते. आता तसबीर आधी आली आहे आणि तिच्यासाठी सोहळा रचला जातो. डोहाळजेवणास पाच सवाष्णी नसल्या तरी चालते, छायाचित्रकार नसून चालत नाही.

या सर्वांत आमच्या मनास अधिक लागलेली गोष्ट निराळीच आहे, आणि ती सांगण्यास पळस्प्याहून योग्य जागा नाही. या मुलखातील घरे टिकणारी नाहीत. उलव्याची टेकडी आमच्या डोळ्यांदेखत सपाट झाली. कोल्ही, कोपर, तरघर, चिंचपाडा ही गावे विमानतळासाठी आपल्या जुन्या जागांवरून उठली. त्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ साली झाले. ज्या ओट्यांवर चार पिढ्यांची लग्ने लागली ते ओटे आज धावपट्टीच्या भरावाखाली आहेत. त्या घरांतील एखाद्याजवळ दारात उभ्या असलेल्या आजोबांचे एखादे वेडेवाकडे, डोके कापलेले चित्र असले तर तेवढेच आता त्या दाराचे अस्तित्व. विमानतळ नको होता की हवा होता, हा या लेखाचा विषय नव्हे. पण ज्यास असल्या प्रदेशात राहावयाचे आहे, ज्याच्या विहिरीवरून उद्या रस्ता जाईल किंवा जाणारही नाही, त्याने स्वतःचे अंगण सोडून दुसऱ्याच्या अंगणात, तेही तासाच्या भाड्याने, आपल्या मुलाचे बालपण नोंदवावे, हा उधळेपणा पैशाचा नाही. पैसा फिरून मिळेल.

एक व्यवहाराची गोष्ट ओघात सांगून टाकतो, कारण सुशिक्षितांसही ती ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे मोबदला देऊन कोणी आपल्यासाठी छायाचित्र काढविले, तर उलट करार नसल्यास त्या चित्राचा पहिला मालक काढविणाराच होय. ‘उलट करार नसल्यास’ या शब्दांवर वाचकांनी बोट ठेवावे. पुष्कळदा तो करार असतो. बारीक अक्षरांच्या कागदावर आपण सही करून मोकळे होतो, आणि आपले उघडे-नागडे मूल दुकानाच्या जाहिरातीत झळकू लागते. ते मूल मोठे झाल्यावर काय म्हणेल, हे त्यास कोणी विचारलेले नसते. निदान आईबापांनी सहीपूर्वी कागद वाचावा.

छायाचित्रकारांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. गिऱ्हाईक टोपली मागते म्हणून तो टोपली आणतो. त्या अदबशीर तरुणासच आम्ही नंतर गाठले, आणि येत्या संक्रांतीच्या बोरन्हाणास घरी येशील का असे विचारले. तो गोंधळला. “घरी? घरात काय आहे काढण्यासारखं?” असे त्याने सरळ विचारले, आणि त्या प्रश्नात उद्धटपणा मुळीच नव्हता, त्यास ते आजवर कोणी दाखविलेच नव्हते. आम्ही त्यास ओट्यावर आणले. सकाळी नऊच्या सुमारास पूर्वेचा उजेड ओट्याच्या फरशीवर पडून माजघराच्या दारापर्यंत कसा येतो हे त्याने आमच्याहून आधी हेरले, आणि मग तो बराच वेळ काही बोलला नाही. दाराच्या चौकटीवर हात ठेवून, एक डोळा मिटून, मागेपुढे सरकत राहिला.

तो येणार आहे. दर त्याने तोच सांगितला, आणि आम्ही घासाघीस केली नाही. काळे झबले शिवून तयार आहे, हलव्याचे दागिने मुलाची आत्या करते आहे. हलव्याचा मुकुट मुलाच्या डोक्यावर घटकाभरही टिकणार नाही असे आजीचे भाकीत आहे, आणि बोरे-चुरमुरे अंगावर पडताच ते रडणार हेही तिनेच सांगून ठेवले आहे. लुगडे कोणते नेसू, असे तिने परवा सुनेस विचारले. सून म्हणाली, “हिरवंच नेसा, आई.”