संकेतस्थळ आजोबांचे, किल्ली कोणाची?

मोबाइल तुमच्या हातात सहज खेळतो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचे काही अडले, की ती तुम्हांला हाक मारतात. तुम्ही दोन मिनिटांत त्यांचे काम उरकता आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागता. या मदतीबद्दलच मला आज थोडे बोलायचे आहे. ती मदत नेहमी मदतच असते, असे मला वाटत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, घाटकोपरच्या चिराग नगरात एक वृद्ध कातिब राहतात. उर्दू वर्तमानपत्रांसाठी किताबत करण्यात त्यांचे आयुष्य गेले. बोरूच्या कलमाने त्यांनी हजारो मथळे लिहिले, लग्नपत्रिका लिहिल्या, पुस्तकांची मुखपृष्ठे सजवली. आता आपल्या अक्षरांचे नमुने एका संकेतस्थळावर ठेवावेत, असे त्यांना वाटते. हैदराबाद, लखनौ, मालेगाव येथील माणसांनीही ते पाहावेत, एवढीच त्यांची इच्छा आहे.

कातिबाची कला म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. नस्तालिक लिपीत शेजारच्या अक्षराप्रमाणे अक्षराचे रूप बदलते आणि शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो. टंकलेखन यंत्राला हे नीट जमले नाही. म्हणून इतर भाषांची वृत्तपत्रे खिळे जुळवून छापली जात होती, तेव्हा उर्दू वृत्तपत्राचे पान माणूस हाताने लिहीत असे. 1981 साली अहमद मिर्झा जमील यांच्या अक्षरांवरून संगणकासाठी नूरी नस्तालिक तयार झाले. 1994 मध्ये इनपेज हे सॉफ्टवेअर आले आणि हळूहळू कातिबांची बैठक रिकामी झाली. चेन्नईचे 1927 साली सुरू झालेले ‘मुसलमान’ हे दैनिक मात्र एकविसाव्या शतकातही कातिबांच्या हातून लिहिले जात होते. पण असे अपवाद किती असणार?

तेव्हा ज्या यंत्राने काम नेले, त्याच यंत्रापुढे हे आजोबा बसले आहेत. पडद्यावर पहिलाच प्रश्न येतो तो इंग्रजीत. पहिले नाव आणि आडनाव वेगवेगळे लिहा. त्यांना आडनावच नाही! मग पासवर्ड. त्यात एक मोठे अक्षर हवे, एक अंक हवा, एक चिन्ह हवे. मोठे आणि लहान अक्षर हा भेद ना उर्दूत आहे ना मराठीत. शिवाय लिहिलेले दिसत नाही, नुसते काळे ठिपके उमटतात. ज्याने जन्मभर आपले प्रत्येक अक्षर डोळ्यांनी तपासले, त्याला आपण काय लिहिले तेच दिसू नये, ही केवढी अडचण! त्यानंतर चौकोनांतले सिग्नल ओळखा, मोबाइलवर आलेला आकडा भरा, आणि वेळ संपली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.

अशा वेळी आपण चटकन म्हणतो, “वय झाले. आता यांना नाही जमायचे.” मला हे पटत नाही. जपानच्या मासाको वाकामिया या बँकेत नोकरी करणाऱ्या बाई. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी संगणक घेतला. तो नीट जोडून चालू करायलाच त्यांना काही महिने लागले. पण 2017 साली, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांनी वृद्धांसाठी मोबाइलवरचा एक खेळ स्वतः तयार केला. इतके दूर तरी कशाला जायचे? पवईच्या आय.आय.टी.मध्ये र. कृ. जोशी हे सुलेखनकार शिकवत असत. पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर संस्थेत त्यांनी संगणकासाठी भारतीय लिप्यांची अक्षरे घडवली. विंडोजवर अनेक वर्षे आपण देवनागरी वाचली, ती त्यांच्या ‘मंगल’ या अक्षरसंचातून. तेव्हा ते साठीच्या घरात होते. ते संगणकाला नवखे नव्हते हे खरे. पण मुळात तेही कलमाचेच माणूस.

अडचण वयाची थोडी आणि शब्दांची फार आहे. ‘होस्ट’ म्हटले की आजोबा गोंधळतात. होस्ट म्हणजे मेजबान, आपल्या पानांना जागा देणारा, असे सांगा. ते लगेच मान हलवतील. ‘डोमेन’ म्हणजे दारावरची नावाची पाटी. ही पाटी कायमची विकत मिळत नाही. मुंबईत खोली अकरा महिन्यांच्या कराराने घेतात, तशी ती बहुधा वर्षाच्या कराराने मिळते. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर काही काळाने तीच पाटी दुसरा कोणी आपल्या दारावर लावू शकतो. भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसाला यात समजण्यासारखे अवघड काय आहे? 2014 पासून ही पाटी देवनागरीतही लिहिता येते, तिच्या शेवटी ‘डॉट भारत’ येते. उर्दू लिपीतही तशी सोय आहे. पण ती मिळवण्याचे अर्ज बहुतेक इंग्रजीतच असतात. पाटी आपल्या भाषेत आणि दार मात्र परक्या भाषेत, असा हा प्रकार आहे.

आता नातवाकडे वळू. तो चांगला मुलगा आहे. “दादाजान, राहू द्या, मी करतो,” असे म्हणून तो संगणक आपल्याकडे ओढतो. अर्ध्या तासात संकेतस्थळ तयार होते. घरात आनंद होतो. पण अर्जात मोबाइल क्रमांक नातवाचा असतो, ई-मेल नातवाचा, पासवर्डही त्याच्याच डोक्यात. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी दुबईला जातो, क्रमांक बदलतो. मुदत संपल्याची सूचना कोणी न उघडणाऱ्या पेटीत पडून राहते. एके दिवशी पान उघडत नाही. आजोबांना कळतही नाही, की दाद कोणाकडे मागायची. चाळीस वर्षांच्या कामाचे नमुने चढवताना मूळ कागद जपले नसतील, तर तेही गेले.

ही भीती पोकळ नाही. जिओसिटीज नावाच्या ठिकाणी 1994 पासून जगभरच्या सामान्य माणसांनी लाखो पाने फुकट उभारली होती. ऑक्टोबर 2009 मध्ये ते ठिकाण बंद झाले. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून पुष्कळ पाने वाचवली, पण सगळी नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही यूट्यूब वाहिनी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये ती कोणीतरी चोरली होती. काही दिवसांनी परत मिळाली, हे नशीब. लाखो लोक पाहत होते म्हणून ओरड झाली. आपल्या कातिबांचे पान नाहीसे झाले तर वर्तमानपत्रात बातमी येणार नाही.

काही जण विचारतील, स्वतंत्र संकेतस्थळ हवेच कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रे पाठवली की झाले. पाठवावीत, जरूर पाठवावीत. पण ती आज आली, उद्या वर सरकून गेली. स्वतःच्या नावाच्या दारात माणूस केव्हाही येऊ शकतो.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. म्हातारी माणसे फसवली जातात, मग त्यांच्या हाती पासवर्ड कशाला द्यायचा? मला उलट वाटते. मोबाइलवर आलेला आकडा म्हणजे घराची किल्ली आहे, हे ज्याने स्वतःचे दार उघडून अनुभवले, तो ती फोनवरच्या अनोळखी माणसाला सहजासहजी देणार नाही. ज्याच्यासाठी नेहमी दुसराच कोणी आकडा भरतो, त्याला तो आकडा आणि रेल्वेच्या तिकिटावरचा आकडा सारखाच.

म्हणून माझे म्हणणे असे, की माउस आजोबांच्याच हातात राहू द्या. तुम्ही शेजारी बसा. वेळ लागेल. अर्ध्या तासाच्या कामाला चार रविवार लागतील, आणि तुमचा हात शिवशिवेल. कातिबाकडे शिकायला गेलेला शागीर्द कित्येक दिवस नुसता अलिफ गिरवत बसत असे. तेव्हा उस्तादाने त्याच्या हातून कलम ओढून घेतले नाही. क्रमांक त्यांचा घाला, ई-मेल त्यांचा उघडा. पासवर्ड त्यांना स्वतःला ठरवू द्या आणि त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहू द्या. ती वही कपाटात कागदपत्रांबरोबर ठेवा. मूळ नमुने जपून ठेवा आणि त्यांच्या प्रतीही दुसरीकडे साठवा. मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लाल शाईने लिहायला त्यांना सांगा. अक्षर तुमच्यापेक्षा चांगलेच येईल.