पैसे विक्रीचे, हक्क मात्र कुळाचेही नाहीत

३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ नावाच्या व्हिडिओ गेमचे सर्व्हर बंद केले. डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आलेला हा मोटारशर्यतीचा खेळ सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी खेळला होता. अनेकांनी २०१५ व २०१६ मध्ये निघालेले त्याचे पुरवणी भागही वेगळे पैसे मोजून घेतले होते. खेळणारा एकटा असला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी सक्तीची होती. त्यामुळे सर्व्हर थांबताच खेळही थांबला. ज्यांनी दुकानातून तबकडी विकत आणली होती, त्यांच्या हाती प्लॅस्टिकची चकती तेवढी उरली. पुढे अनेक ग्राहकांच्या खात्यांतून त्या खेळाचा परवानाही काढून घेण्यात आला. यात कोणी चोरी केली नव्हती, कोणाचा हप्ता थकला नव्हता. पूर्ण किंमत चुकती केलेली वस्तू विकणाऱ्यानेच निकामी केली.

महागाई, बेकारी आणि दुष्काळ यांच्याशी झुंजणाऱ्या कार्यकर्त्याला हा श्रीमंत देशांतील रिकामटेकड्यांचा तंटा वाटणे स्वाभाविक आहे. पण तंट्याचा विषय खेळ असला तरी त्याचे मूळ खेळात नाही. ‘विक्री’ या शब्दाचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा खरा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न खेळाच्या दुकानातून निघून शेताच्या बांधापर्यंत पोहोचलेला आहे.

वस्तू विकली की विकणाऱ्याचा तिच्यावरील अधिकार संपतो, हा बाजाराचा फार जुना नियम. तो सुखासुखी टिकलेला नाही. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बॉब्स-मेरिल या प्रकाशन संस्थेचा दावा आला. ‘द कास्टअवे’ या कादंबरीच्या प्रतींवर तिने छापले होते की, हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकल्यास तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसी या पेढीने ते ८९ सेंटला विकले. पहिली विक्री झाल्यानंतर पुढच्या विक्रीची किंमत ठरविण्याचा हक्क कॉपीराइटमधून मिळत नाही, असे न्यायालयाने प्रकाशकाला बजावले. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही, एकदा वितरणात आलेल्या पुस्तकाच्या प्रतीच्या पुढील प्रवासावर प्रकाशकाची सत्ता मानीत नाही. जुन्या पुस्तकांचा फूटपाथवरील व्यवहार आणि मित्राला पुस्तक वाचावयास देण्याची साधी रीत या तत्त्वावरच उभी आहे.

व्हिडिओ गेमची तबकडीही अशीच हातोहात फिरत असे. एकाने खेळून झाली की दुसऱ्याने निम्म्या किमतीत घ्यावी, धाकट्या भावाला द्यावी, शेजाऱ्याला उसनी द्यावी. कंपन्यांच्या दृष्टीने हा प्रत्येक हात म्हणजे बुडालेले गिऱ्हाईक होते. डाउनलोडच्या तंत्राने त्यांना उपाय सापडला. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या खेळातील घोड्यासाठी चिलखत सुमारे अडीच डॉलरला विकावयास काढले. न दिसणाऱ्या घोड्याचे न दिसणारे चिलखत, म्हणून त्या वेळी त्याची भरपूर थट्टा झाली. पण धंद्याने त्यातून धडा घेतला. डाउनलोड करून घ्यावयाचा पुरवणी भाग, म्हणजे ज्याला ‘डीएलसी’ म्हणतात तो, ग्राहकाच्या खात्याला बांधलेला असतो. तो उसना देता येत नाही, विकता येत नाही, मुलाच्या नावे करता येत नाही. खेळाचा जितका अधिक भाग अशा पुरवण्यांत गेला, तितकी हातातील तबकडी पोकळ होत गेली. शेवटी तबकडीही नाहीशी होऊन केवळ खाते उरले, आणि खात्याची किल्ली कंपनीच्या कमरेला लटकली.

न्यायालयांची भूमिका या प्रश्नी डळमळीत राहिली आहे. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ओरॅकल कंपनीविरुद्धच्या खटल्यात, डाउनलोड केलेला संगणकीय प्रोग्रॅमही कायमच्या वापरासाठी विकला असेल तर ग्राहकाला तो पुढे विकता येतो, असे म्हटले. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांना हे तत्त्व लागू नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी पॅरिसच्या न्यायालयाने ‘स्टीम’ हे दुकान चालविणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीविरुद्ध एका ग्राहक संघटनेच्या बाजूने निकाल देऊन खेळांच्या पुनर्विक्रीचा हक्क मान्य केला; २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. कागदावरचे पुस्तक विकता येते, पडद्यावरचे येत नाही. दोन्हींची किंमत मात्र विक्रीची म्हणूनच घेतली जाते.

महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. खोताच्या जमिनीवर कूळ राबत असे. घर बांधी, झाडे लावी, पण पायाखालची माती त्याची नसे. खोताची मर्जी फिरली की कूळ बेदखल होई. ही मर्जी मोडून काढण्यासाठी १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्याला जमिनीचा खरेदीदार मानण्यात आले. दीर्घकाळ कसणाऱ्याला एका नोटिशीने उठविता येणार नाही, हे तत्त्व त्यामागे होते. भुकेल्या कुळाचे दुःख आणि खेळ गमावलेल्या तरुणाची हळहळ यांची तुलना होऊ शकत नाही. तथापि नात्याचा सांगाडा तोच आहे. उलट कुळाकडून निदान खंड म्हणून खंडच घेतला जात असे. येथे खरेदीची पूर्ण रक्कम घेऊन ग्राहकाला कुळाचेही संरक्षण नाकारले जाते.

जानेवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने, मासिक वर्गणीचा धंदा वाढावयाचा तर खेळ आपल्या मालकीचे नसण्याची सवय खेळाडूंना व्हावी लागेल, असे बोलून दाखविले होते. समाजवादी मंडळी माणसाची मालमत्ता हिरावून घेऊ पाहतात, हा आरोप भांडवलशाहीचे कैवारी वर्षानुवर्षे करीत आले. आज सामान्य माणसाच्या कपाटातील पुस्तक, गाणे आणि खेळ हिरावून घेण्याचे काम मक्तेदार कंपन्याच करीत आहेत. समाजवादाचा झगडा इतरांच्या श्रमावर हुकमत चालविणाऱ्या मालकीशी आहे. माणसाने स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या आणि स्वतः वापरावयाच्या वस्तूशी त्याचे वैर कधीच नव्हते. किंबहुना त्या वस्तूवरील निर्वेध हक्क हा सामान्य माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. सर्व्हर चालविण्यास खर्च येतो; खेळणारे कमी झाल्यावर तो कोणी सोसावयाचा, असे त्या विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण तो विचारलेल्या मागणीला लागू पडत नाही. सर्व्हर अनंतकाळ चालवा, असे कोणी म्हटलेले नाही. कंपनीने दुकान बंद करताना खेळ ग्राहकाच्या यंत्रावर किंवा त्याने स्वतः उभारलेल्या सर्व्हरवर चालेल अशा स्थितीत सोडावा, एवढेच मागणे आहे. हे अशक्यही नाही. ओरड झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये युबिसॉफ्टनेच ‘द क्रू’च्या पुढील दोन खेळांना सर्व्हरविना चालण्याची सोय देण्याचे जाहीर केले. पोलंडमधील ‘गॉग’ हे दुकान २००८ पासून, एकदा उतरवून घेतले की दुकानाची परवानगी न मागता चालणारे खेळ विकत आले आहे. अडचण तंत्राची कमी आणि नफ्याची अधिक आहे, हे यावरून स्पष्ट होते. जुना खेळ हाती राहिला तर नवा कोण घेईल, ही ती धास्ती.

हे लोण खेळांपुरते राहिलेले नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरून पुसून टाकल्या. ज्याने त्या विकल्या त्याला हक्कच नव्हता, हे कंपनीचे कारण होते, आणि पैसेही परत करण्यात आले. तरीही घरातील कपाट बाहेरून उघडता येते, हे त्या दिवशी जगाला कळले. २०१५ मध्ये जॉन डीअर या ट्रॅक्टर कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला कळविले की, ट्रॅक्टर चालविणाऱ्या सॉफ्टवेअरची मालकी शेतकऱ्याकडे जात नाही. ते वापरण्याचा परवाना तेवढा त्याला मिळतो. स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करण्याच्या हक्कासाठी तेथील शेतकऱ्यांना लढावे लागले, आणि २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने तसा कायदा केला. घोड्याच्या चिलखतावर हसणाऱ्यांनी ट्रॅक्टरची ही कथा ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

प्रतिकार सुरू झाला आहे. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. केवळ परवाना द्यावयाचा असेल तर ग्राहकाला तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास त्याने बंदी केली. हे पाऊल स्वागतार्ह, पण अपुरे आहे. फसवणूक प्रामाणिक शब्दांत लिहून दिली म्हणजे ती न्याय्य ठरत नाही. ज्या बाजारात सर्वच दुकाने परवानाच विकतात, तेथे पाटी वाचून ग्राहकाने जावे कोठे? युरोपातील ग्राहकांनी याहून पुढचे पाऊल टाकले. विकलेले खेळ नष्ट करण्यास मनाई करावी, या मागणीच्या नागरिक-प्रस्तावाने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांची अट ओलांडली. विखुरलेले, एकमेकांना न ओळखणारे ग्राहकही संघटित होऊ शकतात, याचा हा दाखला आहे.

भारतात या प्रश्नाची चर्चा फारशी झालेली नाही. पुण्यात २००८ पासून युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे. म्हणजे हे खेळ घडविणारे हातही येथे आहेत आणि ते विकत घेणारेही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याचा रोख मुख्यतः पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर आहे. विकत घेतलेल्या खेळावरील हक्काचा प्रश्न त्याने सोडविलेला नाही. मात्र एक हत्यार हाताशी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना आणली. वाजवी कारणाविना एका पक्षाला एकतर्फी करार संपविता येणे, हे त्या कायद्याने अन्याय्य कराराचे एक लक्षण मानले आहे. अशी तक्रार राज्य आयोगापुढे नेता येते. ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि वकिलांनी या कलमाची धार डिजिटल विक्रीवर पारखून पाहावयास हवी.

त्याचबरोबर मागण्या नेमक्या असाव्यात. जे विक्री म्हणून विकले, ते विकणाऱ्याला परत घेता येऊ नये. जे भाड्याने द्यावयाचे, त्याची मुदत पैसे घेण्यापूर्वी सांगितली जावी. सर्व्हर बंद करावयाचा तर खेळ, त्याच्या पुरवण्यांसह, चालत्या स्थितीत ग्राहकाच्या हवाली केला जावा. या तीन मागण्यांत क्रांतिकारक असे काहीच नाही. किराणा दुकानदार ज्या नियमाने बांधला गेला आहे, त्याच नियमाने कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला बांधणे, एवढाच त्यांचा अर्थ आहे. विकलेला तांदूळ ग्राहकाच्या डब्यातून काढून नेण्याची मुभा आपल्या गावातील कोणत्याही दुकानदाराला नाही. ती जगातील कोणत्याही दुकानदाराला असता कामा नये.