तापलेला ठोकळा गार का होऊ द्यायचा?

अंबरनाथ आणि बदलापूरच्या एम.आय.डी.सी.त कामाला जाणारी माणसे आपल्या वस्त्यांत घरटी एक तरी आहेत. उल्हासनगरच्या कॅम्पातूनही रोज सकाळी डबे घेऊन लोक तिकडे निघतात. कोणी लेथवर, कोणी पॅकिंगला, तर कोणी भट्टीवर. अशाच भट्टीवाल्याच्या घरातील एका भगिनीने महिला मंडळाच्या बैठकीत आम्हाला प्रश्न टाकला: "हे सांगतात, लोखंड वितळवून ठोकळे पाडतात, ते ठोकळे अंगणात गार करतात आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा भट्टीत घालून लाल करतात. दोनदा जाळायला पैसा वर आला आहे का?"

प्रश्न संसारी बाईचा होता, पण मोठमोठ्या इंजिनिअरांनी शंभर-सव्वाशे वर्षे ज्यासाठी डोके खाजवले, तोच होता.

वितळलेला धातू साच्यात ओतून घट्ट झाला की जो ठोकळा मिळतो, त्याला कारखान्यात इंगट म्हणतात. हल्ली बहुतेक पोलादाच्या कारखान्यांत वेगळे साचे नसतात. धातू अखंड धारेने ओतून त्याचे लांब तुकडे पाडतात, त्यांना बिलेट म्हणतात. इंगट असो की बिलेट, तो रोलच्या जोड्यांमधून काढून लाटायचा, म्हणजे त्याची सळई, पट्टी किंवा पत्रा होतो. लाटणे हा शब्द आपल्या घरातलाच आहे. कणकेचा गोळा उघडा राहून सुकला तर पोळी लाटताना कडा फाटतात, म्हणून आपण त्यावर ओले फडके टाकतो. लोखंडाचा गोळा मऊ राहतो तो ओलाव्याने नव्हे, उष्णतेने. साधे पोलाद लाटायचे तर ते 1100 ते 1200 अंशांपर्यंत तापलेले लागते. त्याहून बरेच गार झाले की रोलवर ताण येतो, कडा फाटतात, रोलही मोडतो.

आता हिशेब. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, यंत्रापेक्षा खतावणी आम्हाला जास्त कळते. एक टन पोलाद थंड अवस्थेतून 1200 अंशांपर्यंत नेण्यासाठी लागणारी उष्णता विजेत मोजली तर साधारण सव्वादोनशे युनिट होते. महिना पंचाहत्तर युनिट जाळणाऱ्या चाळीतल्या खोलीची ही तीन महिन्यांची वीज झाली, आणि तीही एकाच टनाला. फर्नेस ऑइलमध्ये मोजली तर वीस लिटरच्या आसपास. पण भट्टी काही सगळी उष्णता लोखंडाला देत नाही. निम्मी चिमणीतून आणि भिंतीतून गेली असे धरले तर टनाला चाळीस लिटर तेल जळते. शिवाय भट्टीत तापताना लोखंडाच्या अंगावर काळा पापुद्रा धरतो. त्याला स्केल म्हणतात. शंभर किलोमागे एक-दोन किलो लोखंड असे जळून झडून जाते.

हाच ठोकळा सातशे अंशांवर असतानाच भट्टीत गेला तर? लागणाऱ्या उष्णतेपैकी निम्मी त्याने बरोबर आणलेलीच असते. टनाला वीस लिटर तेल वाचले. दिवसाला पन्नास टन माल काढणारी छोटी गिरणी धरा. एक हजार लिटर झाले, म्हणजे दोनशे लिटरचे पाच बॅरल. रोजचे पाच बॅरल! हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याचे काम पुढे आहे.

मग ठोकळा गरम ठेवायचा कसा? तापलेली वस्तू उष्णता फेकते ती तिच्या तापमानाच्या सरळ प्रमाणात नाही, फार झपाट्याने वाढत्या प्रमाणात. एक हजार अंशांवरचा ठोकळा पाचशे अंशांवरच्या ठोकळ्यापेक्षा सातपट जास्त उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे सगळे नुकसान होते ते साच्यातून काढल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. त्या मिनिटांत झाकण पडले तर पडले. दुसरी गोष्ट आकाराची. भाकरी तव्यावरून काढली की लगेच गार होते, पण आमटीतला बटाटा बऱ्याच वेळानेही आतून जीभ भाजतो. तसेच दहा टनांचा इंगट कित्येक तास धगधगत राहतो आणि लहान गिरण्यांतला सडपातळ पेन्सिल इंगट पाहता पाहता काळा पडतो. लहान गिरण्यांनी गार करून पुन्हा तापवण्याची पद्धत धरली, त्याचे एक कारण हे आहे.

मोठ्या ठोकळ्यासाठी 1882 साली इंग्लंडमधील मिडल्सब्रो येथे जॉन येर्स या मूळच्या स्वीडनच्या इंजिनिअरने एक साधी युक्ती काढली. त्याने जमिनीत विटांचे खड्डे बांधले, साच्यातून काढलेला इंगट त्यात उभा सोडला आणि वर झाकण घातले. खाली जाळ नाहीच. त्या वेळी इंगटची साल गार आणि गाभा मात्र अजून अतिशय तप्त असतो. झाकणाखाली ती आतली उष्णता सालीपर्यंत मुरते आणि ठोकळा सगळीकडून सारखा होतो. म्हणून त्याला सोकिंग पिट म्हणतात, मुरण्याचा खड्डा. पुढे या खड्ड्यांना गॅसचा जाळही देऊ लागले. 1912 साली जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात पोलाद लाटले जाऊ लागले, तेव्हापासून भारतातही मोठ्या पोलाद कारखान्यांतून ही पद्धत चालत आली.

आपल्या आज्या रात्री चुलीतला निखारा राखेत गाडून ठेवीत आणि पहाटे फुंकर घालून जाळ करीत, ती युक्ती वेगळी होती काय? काडेपेटीचा पैसा वाचे, आणि विस्तव मागायला दुसऱ्याच्या दारात जावे लागत नसे. कोणाच्या दारात जायचे आणि कोणाच्या नाही, हे गावात ठरलेले असे, हेही वाचकांना सांगायला नको. राखेचे म्हणाल तर ती पोलादाच्या कारखान्यात आजही लागते. भाताच्या तुसाची राख उष्णता अडवण्यात इतकी चांगली की वितळलेल्या पोलादावर तिचा थर पसरतात. बदलापूर-मुरबाडकडच्या भातगिरणीबाहेर ज्या तुसाचे ढीग आपण पाहतो, त्याचीच ही राख.

अलीकडच्या गिरण्यांत खड्डाही नसतो. ओतण्याची जागा आणि रोल एकमेकांना लागून बांधतात. बिलेट कापला की रोलरच्या पट्ट्यावरून, वर झाकण असलेल्या बोगद्यातून, थेट लाटायला जातो. मध्ये भट्टीच नाही. जालना हे महाराष्ट्रात सळयांच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध गाव. तेथे आणि देशात इतरत्रही अशा गिरण्यांमधून हा थेट मार्ग पसरत गेला. केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 2004 पासून लहान रोलिंग मिलमधले इंधन वाचवण्याचा प्रकल्प चालवला, त्याचाही रोख असल्याच गोष्टींवर होता.

मग सगळेच तसे का करीत नाहीत? याचे उत्तर बरेचदा धातूत नसून धंद्यात असते. ओतणारा मालक एक, लाटणारा दुसरा. ठोकळे ट्रकने एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. ट्रकमध्ये उष्णता टिकवायला कोण झाकण घालणार? एकाच आवारात दोन्ही असले तरी वितळवण्याची भट्टी घाणे काढते आणि रोलला अखंड माल हवा असतो. मध्येच वीज गेली किंवा रोल बदलायला घेतला की ठोकळे तुंबतात. घरातही कुकर आणि पाटा एकाच बाईच्या हाती असेल तर मेळ बसतो, जाऊबाईंचे दोन चुली झाल्या की कठीण.

काही धातू मात्र गरम ठेवावाच लागतो. जास्त कार्बनचे आणि मिश्र पोलाद झटकन गार झाले तर ठोकळा आतून तडकतो. त्याला झाकणाखाली किंवा राखेत हळूहळू गार करतात, नाहीतर गरम असतानाच पुढे पाठवतात. आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे खोपोलीला 1960 च्या दशकात महिंद्रा युजीनचा मिश्र पोलादाचा कारखाना आला, तो याच जातीच्या धातूचा. उलट अंबरनाथच्या आयुध कारखान्याचे नाव आहे ते पितळ आणि इतर अलोह धातूंच्या कामासाठी. हा कारखाना 1953 चा. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध कारखाना मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा तो यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेला. काडतुसाच्या पितळेत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. अशा पितळेचा पत्रा काढताना ओतलेली लादी सर्वसाधारणपणे गार होऊ देतात, तिचा वरचा खराब थर कापून काढतात आणि मगच पुन्हा तापवून लाटतात. तो थर तसाच राहिला तर पत्र्यात पापुद्रे सुटतील. तेव्हा त्या भगिनीला आमचे उत्तर असे, की पितळेत दोनदा जाळलेला पैसा सहसा कारणाने जाळलेला असतो. साध्या लोखंडाच्या सळईत तो बहुधा सोयीसाठी जाळलेला असतो.

आता त्या पाच बॅरलांकडे वळू. ठोकळा गार होऊ दिला की त्याच्याजवळचा माणूसही जरा गार होत असे. अंगणात ढीग पडला, दुसऱ्या दिवशी उचलला. थेट मार्गात ही उसंत संपते. लाल ठोकळा मिनिटामिनिटाला समोरून जातो, सांडशी घेतलेला माणूस त्याच्या धगीत उभा राहतो आणि पट्टा थांबला तर तुंबलेल्या ठोकळ्यांची धगही त्यालाच सोसावी लागते. मालकाने वाचवलेल्या उष्णतेतला काही भाग कामगाराच्या अंगावर जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही या पद्धतीच्या विरोधात नाही. तेल वाचले पाहिजे, धूरही कमी झाला पाहिजे. पण रोजच्या पाच बॅरलांतून पाव बॅरलाची किंमत तरी भट्टीवाल्याच्या वाट्याला यायला नको काय?

त्यात येते काय, ते ऐका. धगीला पंखा पुरत नाही. धग किरणांनी येते आणि हवा अंगापेक्षा गरम असेल तर पंखा उलट भाजतो. चकचकीत पत्र्याचा आडोसा मात्र धग परत फिरवतो, आणि तो महाग नाही. डोळ्यांना भट्टीचा खास चष्मा हवा. रस्त्यावरचा काळा गॉगल चालत नाही. वर्षानुवर्षे लाल धातूकडे पाहणाऱ्यांना मोतीबिंदू लवकर होतो, हे काच आणि लोखंडाच्या भट्ट्यांवर फार पूर्वीच दिसून आले आहे. घरच्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना नवरा काय काम करतो ते आधी सांगावे. उल्हासनगरच्या बाजारात टेरिकॉटचा शर्ट स्वस्त मिळतो, पण भट्टीवर तो घालून पाठवू नये. ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतो. सुती शर्ट आणि जाड सुती जीन्स बरी. तीही उल्हासनगरातच शिवली जाते.

मे महिन्यात गावी जाऊन आलेल्यांनी आणखी एक जपावे. शरीराला धगीची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि मोठ्या सुट्टीत ती मोडते. परतल्यावरचे पहिले काही दिवस घेरी येण्याचा धोका जास्त. त्या दिवसांत मुकादमाकडून हलके काम मागून घ्यावे. यात कमीपणा नाही.

पाण्याबाबत 1948 च्या कारखाना कायद्यातच तरतूद होती. अडीचशेहून अधिक कामगार असले तर उन्हाळ्यात थंड पाणी देणे मालकावर बंधनकारक होते. त्या कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहितेने घेतली आहे. युनियनच्या भावांनी नवे नियम मिळवून वाचावेत. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची कमाल मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कार्यालयात बारा तास बसणे आम्ही करून पाहिले आहे. लाल ठोकळ्यासमोर बारा तास उभे राहणे ही वेगळी गोष्ट आहे.

कामावर भाजले तर अपघाताची नोंद त्याच दिवशी वहीत करून घ्यावी. कंत्राटी माणूस असला तरी ई.एस.आय. कापले जात असेल तर कामावरच्या जखमेने घरी बसलेल्या दिवसांचे पगाराच्या नव्वद टक्के मिळतात. घरगुती मलम लावून दोन दिवस गप्प बसले की हक्क सिद्ध करणे अवघड जाते.

रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्या वाचकांनी आम्हाला दोन आकडे लिहून पाठवावेत. ठोकळा बाहेर पडल्यापासून रोलमध्ये जाईपर्यंत किती मिनिटे लागतात, आणि पिण्याच्या पाण्याचा माठ किती पावलांवर आहे. मालकापुढे ठेवण्याजोगा हिशेब आम्ही मांडून देऊ.