साष्टी सहासष्टांची, पण गांवें कोणाचीं?

शेतकरी, आगरी, कोळी, कुंभार व इतर सर्व कष्टकरी बंधुभगिनींनो,

मागल्या महिन्यांत एका सभेंत एका विद्वान गृहस्थांनीं आपल्या साष्टीचा इतिहास सांगितला. ते म्हणाले, हें बेट पूर्वीं नुसतें रान होतें. शास्त्रीपंडितांनीं त्यास ‘षट्षष्टी’ हें नांव दिलें, आणि मग येथें गांवें वसलीं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणारांत आमच्या पेणकरपाड्याचींही माणसें होतीं, म्हणून हें उत्तर लिहिणें भाग पडलें.

षट्षष्टी म्हणजे सहासष्ट. हा आंकडा आहे. आतां पंडितजी, कोंबड्या असल्याशिवाय कोंबड्या मोजतां येतात काय? गांवें आधीं नांदत होतीं, तेव्हांच कोणीतरी येऊन तीं मोजलीं. आणि मोजणारा कोण? ज्याला वसूल न्यावयाचा होता तो! गांव वसविणारा आपल्या भूमीस आंकड्यानें हाक मारीत नाहीं.

पुरावा पाहिजे? शिलाहार राजा छित्तराज याचा शके ९४८, म्हणजे सन १०२६ चा ताम्रपट भांडुपास सांपडला. त्यांत षट्षष्टी विषयांतील एक शेत ब्राह्मणास दान दिल्याची नोंद आहे. विषय म्हणजे त्या वेळचा तालुका असें समजा. देणारा राजा तांब्यावर, घेणारा ब्राह्मण तांब्यावर. तें शेत ज्यानें नांगरलें त्याच्याविषयीं तांबें मुकें!

पुढें १५३४ सालीं पोर्तुगीज आले. त्यांच्या जिभेवर साष्टीचें सालसेत झालें. १७३७ त मराठ्यांनीं हें बेट जिंकलें, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं घेतलें, आणि कचेरींत सालसेत तालुकाच चालू राहिला. १९२० त त्याचे दोन तुकडे झाले. दक्षिणेकडचीं ८४ गांवें नव्या मुंबई उपनगर जिल्ह्यांत गेलीं. हिशेब करा! अख्खी साष्टी सहासष्टांची, आणि अर्ध्या तुकड्यांतच चौऱ्यायशीं! म्हणजे वस्ती वाढत गेली आणि आंकडा मात्र जुनाच मिरवीत राहिला. उत्तरेकडचा आपला तुकडा १९२३ त कल्याणाखालचा महाल झाला, आणि १९२६ त त्याला ठाणें हें नांव मिळालें. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निघाला. दर वेळीं गांवें जागच्या जागीं. हललें तें दप्तर.

याच्या उलट आपल्या लोकांनीं ठेवलेलीं नांवें पाहा. खाडीचें खारें पाणी बांध घालून अडविलें, आगर केलें, त्यावरून आगरी. मूळ गांवापासून सुटी वस्ती तो पाडा. आमच्या पाड्याच्या नांवांत तर पेणकरच बसला आहे. पेणचा तो पेणकर, हें शाळेंतलें पोरही सांगेल. आणि पेणची भूमीही आपल्यासारखीच, खाजणाची व मिठागराची. त्या पेणकराचें दानपत्र कोणी कोरलें नाहीं, तरी त्याचें नांव टिकलें, कारण तें रोज तोंडांत होतें.

आतां तेंच तोंडांतून जात आहे, आणि यांत पंडितांचा दोष नाहीं, आपला आहे. परवां वर्गांत एका पोरीला विचारलें, तुझें गांव कोणतें? म्हणाली, मिरा रोड. अग, रोड म्हणजे वाट! मिरें हें गांव, आणि त्याच्या वाटेवरचें तें स्टेशन. १९८५ त नगरपालिका झाली, २००२ त महानगरपालिका. पाट्या वाढल्या, आणि नव्या इमारतींवर विलायती नांवें चढलीं. शेत विकलें त्याचें मला कळतें, पोट कोणाला चुकलें आहे? पण शेताचें नांव कोणी विकत मागितलें नव्हतें, तें आपण फुकट टाकलें.

सातबाराच्या उताऱ्यावर ‘शेताचें स्थानिक नांव’ अशी एक जागा असते. आपापले उतारे काढून पाहा, ती भरलेली आहे कीं कोरी. कोरी असेल तर घरांतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा: त्या तुकड्यास काय म्हणत, बांधास काय म्हणत, विहीर कोणी खणली. उत्तर चिठ्ठीवर लिहून पोराबरोबर शाळेंत पाठवा. मीं एक वही घातली आहे. तींत आजवर एकोणीस नांवें आलीं, पैकीं चौदा बायांनीं सांगितलेलीं.

— एक शाळामास्तर, पेणकरपाडा